ठकीवरचा आळ

दवाखान्यात येणाऱ्या वृद्ध रुग्णांना मी गेली पंचवीस-तीस वर्षे एक प्रश्न विचारत आलो आहे : घरी कोण कोण असते? उत्तरात मुलगा येतो, सून येते, पुण्याला शिकणारा नातू येतो, क्वचित शेजारीणही येते. मांजर मात्र कधीच येत नाही. रुग्ण ते सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाही. अलीकडे मी ते आवर्जून विचारतो. घरात मांजर आहे का, त्याला खायला कोण घालते, दिवसातून किती वेळा घालते आणि ते खोडकर आहे का? शेवटच्या प्रश्नावर रुग्ण हसतात. मला मात्र त्याच उत्तरात अधिक रस असतो. तो का, हे सांगायचे तर माझ्याच घरातली हकीकत सांगावी लागेल. डॉक्टर म्हणून ती सांगताना थोडे ओशाळल्यासारखे होते. तरीही सांगतो, कारण वाचकांपैकी कोणाच्या तरी घरी आज नेमके तेच घडत असण्याचा संभव आहे.

जत हे सांगली जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक. पलीकडे लगेच कर्नाटकातला विजयपूर जिल्हा. पाऊस आमच्याकडे घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतो. बाजारात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात सुखाने नांदतात. रस्त्याच्या कडेला दोन खोल्यांत माझा दवाखाना आहे आणि त्याच्या मागे वडिलांनी राखलेले जुने माळवदाचे घर : जाड भिंती, उन्हाळ्यातही गार राहणारे माजघर आणि उजेडासाठी छतात ठेवलेला झरोका. माजघरात वर्षभराच्या शाळूची पोती असत. धान्य तिथे उंदीर आणि उंदीर तिथे मांजर, हा नियम आमच्या घरालाही लागू होताच. पण ती मांजरे येणारी-जाणारी होती. ‘आमची’ म्हणावी अशी त्यांत एकही नव्हती.

वडील गेले तेव्हा आई ७८ वर्षांची होती. पन्नासहून अधिक वर्षे सकाळचा पहिला चहा त्या दोघांचा असे. वडिलांच्या मागे तिने तो चहा करणेच सोडून दिले. जेवण निम्म्यावर आले, बोलणे त्याहून कमी झाले. रक्तदाब आणि मधुमेह या तिच्या जुन्या सोबत्यांसाठी माझ्याकडे गोळ्या होत्या. या दुःखासाठी नव्हत्या. त्या श्रावणात एका रात्री झरोक्यातून तळहाताएवढे एक पिलू शाळूच्या पोत्यांवर येऊन पडले. आईने ते उचलले, पदराने पुसले आणि “बा, इल्ली बा” म्हणत त्याच्याशी कन्नडमधून बोलू लागली. आईचे माहेर सीमेपलीकडचे. लग्नानंतर घरात ती मराठीच बोलत आली होती; तिची ती लाडाची भाषा मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास आला.

पंधरा दिवसांत त्या पिलाचे बारसे झाले. “ठकवते मेली सगळ्यांना,” असे म्हणत आईने तिचे नाव ‘ठकी’ ठेवले.

मी विरोध केला. वृद्ध माणसाच्या घरात मांजर असण्याचे धोके मला पाठ होते आणि ते खरेही आहेत. पहिला धोका पडण्याचा. मांजर चालत्या माणसाच्या पायांत घोटाळते, अंधारात दिसत नाही आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो. दुसरा धोका चाव्याचा. मांजराचे दात सुईसारखे बारीक आणि लांब असतात. जखम वरून टिंबाएवढी दिसते, पण जंतू खोलवर पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून येतो. मधुमेह असेल तर हे अधिक लवकर चिघळते. तिसरा धोका रेबीजचा. तो केवळ कुत्र्यामुळे होतो असा पुष्कळांचा समज आहे, मांजरामुळेही होतो. शिवाय दम्याच्या रुग्णाला मांजराचा त्रास होऊ शकतो. त्याला कारण मांजराच्या लाळेत आणि त्वचेत तयार होणारे एक प्रथिन असते. केस केवळ ते घरभर वाहून नेतात.

आईने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “झालं सांगून? आता तिला दूध दे.”

तेव्हा विरोध सोडून मी बंदोबस्ताला लागलो. ठकीच्या गळ्यात लहानसा घुंगरू बांधला, म्हणजे ती पायाशी आली की आईला कळावे. आईच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवला. ठकी तीन महिन्यांची झाल्यावर तिला रेबीजची लस टोचून घेतली आणि दरवर्षी टोचायची हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवले. तिची वाळूची पाटी रोज साफ करायची, ते काम मी किंवा पत्नीने करायचे आणि नंतर साबणाने हात धुवायचे, असे ठरवले. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. पण विष्ठा पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून रोजची सफाई हाच त्यावरचा सोपा उपाय आहे. गर्भवती स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र या कामापासून दूरच राहावे.

दुधावरून माझे आणि आईचे मतभेद झाले. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींनी इतकी घट्ट बांधली आहे की ती सुटता सुटत नाही. प्रत्यक्षात मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि पोट बिघडते. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा एक घटक त्याला आहारातून मिळावाच लागतो आणि तो दूध-भाकरीत पुरेसा नसतो. त्याच्या अभावी डोळे आणि हृदय बिघडते. आमच्या घरात मांसाहार नाही. म्हणून मी सांगलीहून मांजरांसाठीचे तयार खाद्य आणू लागलो. उरलेली सोय ठकी माजघरात स्वतःच करून घेत असे.

आता तिच्या हुशारीविषयी. दुधाच्या जाळीच्या कपाटाला लोखंडी कडी होती. ठकीने प्रथम त्या कडीशी नुसतेच खेळून पाहिले. एकदा पंजा लागून कडी वर सरकली आणि दार उघडले. त्यानंतर ती थेट उडी मारून कडीला लोंबकळू लागली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली नेमका हाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. कडी, दोरी, खटका असलेल्या पेट्यांत ते भुकेल्या मांजरांना ठेवीत आणि खाणे बाहेर ठेवीत. मांजर आधी वाटेल तसे पंजे मारी. योगायोगाने दार उघडे. आणि प्रत्येक खेपेला त्याला सुटायला कमी वेळ लागे. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुन्हा केली जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ठकीने तो आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा सिद्ध केला. तिला माझी दवाखान्याची वेळ ठाऊक होती, कुकरची शिट्टी ठाऊक होती, रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची पेटी उघडली की झाकणात बसायचे हेही ठाऊक होते. आलेल्या रुग्णांचा रक्तदाब तिला पाहून कमी होत असे की अधिक, हे मी सांगू शकणार नाही.

अशा गुणी मांजरीवर घरातल्या साऱ्या उलाढालींचे खापर फुटू लागले, यात नवल नव्हते. आईचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. आई म्हणाली, “ठकीनं नेला असेल खेळायला.” गोळ्यांची पाकिटे पलंगाखाली विखुरलेली दिसली. “ठकीनं सांडल्या.” वीज बिलाचे पैसे देवघरातून नाहीसे झाले आणि चार दिवसांनी उशीच्या अभ्र्यात मिळाले. त्याचेही उत्तर तेच. दूध उतू गेले, नळ उघडा राहिला, गुळाचा डबा रिकामा झाला, सगळे ठकीने केले. आम्ही हसत असू. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी ठकीच्या पराक्रमांचे किस्से रंगवून सांगत असे. आईही त्यात सामील होई. घरात बऱ्याच दिवसांनी हसू आले होते आणि ते कोणालाच मोडायचे नव्हते.

पत्नीने एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, “आईंचं काहीतरी बिनसलंय. कालची भाजी त्यांनी दोनदा फोडणीला टाकली.” मी म्हणालो, “वय झालंय तिचं.” हेच वाक्य एखाद्या रुग्णाच्या मुलाने माझ्यासमोर उच्चारले असते, तर मी त्याला खुर्चीवर बसवून दहा प्रश्न विचारले असते.

खुणा पुष्कळ होत्या. गुळाचेच घ्या. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव होण्यासाठी जिभेवर जे ग्राहक लागतात, त्यांचे एक जनुक मांजरकुळात निकामी आहे, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले आहे. वाघ काय आणि वाघाची मावशी काय, दोघांनाही गुळाचे सुख नाही. शिवाय तो डबा फिरकीच्या झाकणाचा होता. मला वाटले, मधुमेहाचे पथ्य मोडून आई गूळ खाते आणि मांजरीवर ढकलते. म्हातारपणीचा लबाडपणा म्हणून मी तो मनातल्या मनात माफही करून टाकला. प्रत्यक्षात आई खोटे बोलत नव्हती. गूळ खाल्ल्याचे तिच्या स्मरणातच नव्हते. डबा रिकामा होता, त्याचे काहीतरी कारण असले पाहिजे, आणि घरात कारण म्हणून एकच जीव चोवीस तास उपलब्ध होता.

दुसरी खूण ठकीचे वजन. दीड वर्षात ती भोपळ्यासारखी गोल झाली. मी तिचे खाणे मोजून दिले, तरी ती जाड होतच राहिली. पुढे उलगडा झाला. पत्नीने सकाळी सातला खाऊ घातले की ठकी तोंड पुसून थेट आईच्या पलंगापाशी जाई आणि उपाशी असल्यासारखी विनवणी करी. आई उठून तिला खायला घाली. तासाभराने ठकी पुन्हा येई. आई पुन्हा घाली. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली दाखवले, की खाणे मागताना मांजर आपल्या घुरघुरण्यात एक उंच सूर मिसळते आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता असतो. कधी मांजर न पाळलेल्या माणसालाही त्यातली निकड जाणवते. पण ठकी हा सूर माझ्यापुढे वा पत्नीपुढे लावत नसे. आमच्याकडे तो चालत नाही, हे ती शिकली होती. आईकडे मात्र तो दहा मिनिटांपूर्वी चालला असला तरी पुन्हा चालतो, हेही ती शिकली होती. आईला खाऊ घातल्याचे आठवत नाही, हे घरात सर्वांत आधी तिने ओळखले. माझ्या आईच्या आजाराचे पहिले निदान एका मांजरीने केले आणि त्याचा तिने चोख फायदाही घेतला.

तिसरी खूण अधिक गंभीर होती. दोनदा आई सकाळी उठताना भोवळ येऊन बसली. रक्तदाब उतरलेला होता. गोळ्यांचे पाकीट महिना संपण्याच्या दहा दिवस आधी रिकामे झाले होते. ठकीने सांडल्या, असे आई म्हणाली. मी नवे पाकीट दिले.

ठकीची दोन बाळंतपणे झाली, पिले गावात चांगल्या घरी दिली आणि मग तिची शस्त्रक्रिया करून घ्यायची ठरली. मी तिला सांगलीला नेले. शस्त्रक्रियेनंतर एक रात्र तिला तिथेच देखरेखीखाली ठेवायचे होते, म्हणून मी एकटाच परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात रुग्ण तपासत असताना जळल्याचा वास आला. धावत आत गेलो. शेगडीवर दुधाचे पातेले कोळशासारखे काळे झाले होते, स्वयंपाकघर धुराने भरले होते आणि आई माजघरात शांतपणे वाती वळत बसली होती. मी गॅस बंद केला. आई दाराशी आली, पातेल्याकडे बघितले आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, “ठकीनं बटण फिरवलं बघ.”

ठकी त्या वेळी सांगलीत एका पिंजऱ्यात झोपलेली होती.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. गेल्या दोन वर्षांतले सगळे किस्से, ज्यांवर मी लोकांना हसवले होते, एकेक करून माझ्यासमोर वेगळ्या अर्थाने उभे राहिले.

त्या संध्याकाळी मी आईची तपासणी केली. मुलाने आईला तपासणे अवघड असते. पण सुरुवात तरी करायची होती. मी तिला तीन शब्द सांगितले : विहीर, लिंबू, चाक. इकडचे तिकडचे बोलून पाच मिनिटांनी ते परत विचारले. तिला एकच आठवला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसून म्हणाली, “लिंबू आहे. बाकीचे दोन ठकीनं पळवले.” ती हसली म्हणून मीही हसलो. मला वाटते, त्या क्षणी तिला सारे कळले होते.

पुढच्या तपासण्यांत आणखी एक गोष्ट उघड झाली. तिच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी होते. हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज आहारातून मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसांत त्याची कमतरता पुष्कळ आढळते. आणि मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होते. ती गोळी मीच कित्येक वर्षे तिला देत होतो. इतर रुग्णांची ही पातळी मी तपासत असे. घरातल्या रुग्णाची तपासायची राहून गेली होती. इंजेक्शने सुरू केली. पायांच्या मुंग्या थांबल्या, थकवा कमी झाला, बोलण्यात तरतरी आली. पण विस्मरण पूर्ण गेले नाही. मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून, मेंदूचे चित्र पाहून सांगितले, की ही अल्झायमरची सुरुवात आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतले अनेक जण आपल्या आसपास ‘वय झालंय’ या दोन शब्दांखाली झाकलेले असतात. वयाबरोबर येणारे साधे विस्मरण आणि हा आजार यांत फरक आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे साधे. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडणे आणि तो तिथे कसा गेला याचा माग काढता न येणे हे साधे नव्हे. शेजाऱ्याचे नाव ओठांवर येऊन अडकणे साधे. नुकतीच केलेली गोष्ट केलीच नाही असे वाटणे साधे नव्हे. आणि हरवल्या वस्तूसाठी दुसऱ्याला वारंवार जबाबदार धरणे ही तर या आजाराची फार जुनी, ओळखीची खूण आहे. मन रिकामी जागा सहन करीत नाही. स्मरणातली फट ते मिळेल त्या कारणाने बुजवते.

बहुतेक घरांत हे कारण म्हणजे सून असते, नाहीतर धुणेभांडी करणारी बाई असते. ‘माझ्या बांगड्या हिनेच घेतल्या’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी किती वेळा ऐकले असेल आणि त्यापायी किती घरांत चुली वेगळ्या झालेल्या पाहिल्या असतील! आमच्या घरात तो आळ ठकीवर गेला. त्यामुळे माझ्या पत्नीच्या वाट्याला एकही कटू शब्द आला नाही. त्याबद्दल मी ठकीचा ऋणी आहे. पण त्याच सोयीमुळे निदानाला उशीर झाला, हेही खरे. भांडण झाले असते तर कदाचित आम्ही लवकर सावध झालो असतो. म्हणून वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे : घरातला प्रत्येक दोष सोयीने एकाच्याच माथी जात असेल, मग ती सून असो, गडी असो वा मांजर, तर आरोपीची चौकशी करण्याआधी आरोप करणाऱ्याकडे एकदा मायेने बघा. डॉक्टरांकडे घेऊन जा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे कमी काम, नैराश्य, बहिरेपणा, मोतीबिंदू, झोपेच्या किंवा अन्य काही गोळ्यांचे परिणाम, अशी दुरुस्त होऊ शकणारी कारणे असतील तर ती आधी सापडतात. नसतील तरी पुढच्या दिवसांची तयारी करायला वेळ मिळतो. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक लिहून ठेवावेत. सांभाळ करणाऱ्यांनी स्वतःच्या मनासाठीही त्यांचा उपयोग करावा.

निदानानंतर ठकीला दुसऱ्या घरी द्यावे का, असा विचार मनात येऊन गेला. मग लक्षात आले की आई पहाटे उठते ती ठकीसाठी, अंगणापर्यंत चालते ती ठकीला हाक मारण्यासाठी आणि दिवसभरात सर्वांत जास्त बोलते तेही ठकीशीच. मांजर हे स्मृतिभ्रंशावरचे औषध नाही आणि तसा दावा मी करणार नाही. पण दिवसाला आकार देणारी, ‘माझ्यावाचून कोणाचे तरी अडते’ असे वाटायला लावणारी गोष्ट काढून घेतली, तर तिच्या जागी ठेवायला माझ्याकडे काय होते? ठकी राहिली. आम्ही घर बदलले.

आईच्या गोळ्या आता वारांच्या कप्प्यांच्या डबीत असतात. डबी पत्नीच्या कपाटात असते आणि गोळी आईच्या हातावर दिली जाते. शेगडीवर काही ठेवायचे तर कोणीतरी शेजारी उभे राहते. एरवी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद असतो. गोळ्या खाली पडू नयेत, याला आणखी एक कारण आहे. आईने एकदा ठकीचे नाक गरम लागले म्हणून तापाची गोळी दुधात कुटून तिला द्यायची तयारी केली होती. मी वेळेवर पोहोचलो. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते; प्राणी पाळणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवावे. कांदा-लसूणही मांजराला अपायकारक आहे. आईच्या हातावर ठकीचा ओरखडा उठला वा दात लागला तर काय करायचे, हे घरात सर्वांना पढवून ठेवले आहे : वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची, हळद, चुना, तिखट असले काही लावायचे नाही आणि जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लशीबाबत विचारायचे. मांजराला लस दिलेली आहे म्हणून आपल्यापुरते परस्पर ठरवून मोकळे व्हायचे नाही.

ठकीच्या जेवणासाठी स्वयंपाकघराच्या दाराला एक पाटी टांगली आहे. तिला खायला घातले की खडूने एक रेघ ओढायची. दोन रेघा झाल्या की त्या दिवसाचे जेवण संपले. मोजून ठेवलेले खाद्य दोन वाट्यांत असते, त्यामुळे आईने आणखी घालायचे म्हटले तरी घालायला काही नसते. सुरुवातीला आई स्वतः रेघ ओढत असे. आता कधी ओढते, कधी रेघांचे कमळ काढते. ठकीचे वजन उतरले आहे. तिने या पाटीविरुद्ध बराच काळ आक्रोश केला आणि एकदा ती पाडून फोडलीही. तेवढा गुन्हा मात्र तिचाच होता; मी स्वतः साक्षीदार होतो.

सर्वांत अवघड बदल वस्तूंचा नव्हता, माझ्या बोलण्याचा होता. ‘अगं, तूच ठेवलास ना चष्मा तिथे? आठव जरा!’ हे वाक्य गिळायला मला सहा महिने लागले. आठवत नाही हाच ज्याचा आजार, त्याला ‘आठव’ म्हणणे म्हणजे लंगड्याला ‘पळ’ म्हणण्यासारखे आहे. वाद जिंकता येतो. पण त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर जी भीती उमटते, ती पुसता येत नाही. प्रसंग ती विसरते. भीती मात्र संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ राहते.

आई आता ८३ वर्षांची आहे. मला कधी माझ्या नावाने हाक मारते, कधी तिच्या धाकट्या भावाच्या. मराठी शब्द अडला की कन्नड शब्द येतो आणि तो मला कळला नाही तरी ठकीला कळतो. ठकीचे नाव ती अजून एकदाही चुकलेली नाही.

परवा दुपारी दवाखान्यात मी कागदपत्रे लावत बसलो होतो आणि ठकी माझ्या टेबलाच्या उघड्या खणात झोपली होती. आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. जाऊन पाहिले तर चहाची बशी. आई काचांकडे बघत उभी होती, भांबावलेली. मी तिला हाताला धरून बाजूला घेतले. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत पुटपुटली, “ठकीनं पाडली रे.”

“हो,” मी म्हणालो, “ठकीच ती. तिच्याशिवाय कोण करणार?”

आईचा चेहरा निवळला. मी काचा गोळा करीपर्यंत घुंगरू वाजवत ठकी आत आली, आईच्या पायांशी बसली आणि तो खास सूर लावून खाणे मागू लागली. पाटीवर दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या.